उडून गेलेल्या द्रावकाचा ठसा

सेंद्रिय सौरघटांविषयी, म्हणजे कार्बनी रेणूंच्या पातळ थरात प्रकाशापासून वीज बनवणाऱ्या घटांविषयी, एक विधान वारंवार पुढे पाठवले जाते. ते असे: ‘घटाची कार्यक्षमता वापरलेल्या रेणूंवर ठरते, द्रावक (ते रेणू ज्यात विरघळवतात तो द्रव) ही केवळ सामग्री काचेवर पसरवण्याची सोय असते, वाळताना तो उडून जातो, त्यामुळे मिळेल तो स्वस्त आणि निर्धोक द्रावक घ्यावा.’ यातला ‘निर्धोक’ हा शब्द सोडला, तर बाकी सगळेच तपासून घ्यावे लागेल.

आधी रेणूंचे पाहू. 2001 मध्ये ऑस्ट्रियातील लिंझ येथील संशोधकांनी तेच पॉलिमर (लांब साखळीचा रेणू) आणि तेच फुलरीन (कार्बनच्या पोकळ गोळ्यासारखा रेणू) घेऊन फक्त द्रावक बदलला. टोल्युईनमधून तयार केलेल्या घटाची कार्यक्षमता 0.9 टक्के भरली, क्लोरोबेंझीनमधून केलेल्याची 2.5 टक्के. टोल्युईनमध्ये हे फुलरीन कमी विरघळते, त्यामुळे थर वाळू लागताच ते लवकर वेगळे होऊन त्याच्या गुठळ्या बनतात, आणि त्या थरात अर्ध्या मायक्रोमीटरच्या घरातल्या रुंदीचे उंचवटे दिसले. प्रकाशाने निर्माण होणारा एक्झिटॉन (ऋण आणि धन प्रभारांची बांधलेली जोडी, जी दोन सामग्रींच्या सीमेवर फुटली तरच वीज मिळते) मात्र विझण्यापूर्वी साधारण 10 नॅनोमीटरच सरकू शकतो. गुठळीच्या पोटात जन्मलेला एक्झिटॉन पॉलिमरच्या सीमेपर्यंत पोहोचतच नाही, मग त्यातून वीज कुठून मिळणार?

‘उडून जातो’ हे खरे, पण थराची घडण ठरते ती नेमकी तो उडत असताना. साखरेचा पाक घोटत निववला की बुरा होतो, निवांत ठेवला की खडीसाखर; पाणी दोन्हीकडे निघून गेलेलेच असते. शिवाय सगळे द्रावक एकदम उडत नाहीत. डायआयोडोऑक्टेनसारखे पूरक द्रव्य द्रावणात अगदी थोडे मिसळतात. त्याचा उत्कलनबिंदू 300 अंश सेल्सिअसच्या वर असल्याने मूळ द्रावक गेल्यावरही ते ओल्या थरात रेंगाळते, फुलरीनला विरघळलेले ठेवते आणि तेवढ्या अवधीत पॉलिमरच्या साखळ्या रचून घेतात. ते पूर्ण निघाले नाही, तर उरलेला अंश प्रकाशात थराचे ऑक्सिडीकरण वाढवतो. म्हणजे ज्याचा हिशेब सोडून दिला, तोच घटाचे आयुष्य कमी करतो.

यावर काही जण उलट टोक गाठतात आणि ‘जितके सावकाश वाळेल तितके चांगले’ असे सांगतात. पी3एचटी या पॉलिमरच्या बाबतीत ते पटण्यासारखे आहे: डायक्लोरोबेंझीनमधला ओला थर झाकून सावकाश वाळू दिला की नारिंगी द्रावणाचा गडद जांभळा थर होतो (साखळ्या नीट रचल्या गेल्याची ती खूण), आणि याच वाटेने 2005 मध्ये लॉस एंजेलिस येथे 4.4 टक्के कार्यक्षमता मिळाली. परंतु 2019 मधील पीएम6 हे पॉलिमर आणि वाय6 हा फुलरीनच्या जागी वापरलेला रेणू या जोडीचा 15.7 टक्क्यांचा घट क्लोरोफॉर्ममधून केलेला होता, ज्याचा उत्कलनबिंदू जेमतेम 61 अंश आहे, म्हणजे तो झटपट उडतो.

राहता राहिला ‘निर्धोक’ हा शब्द. क्लोरोबेंझीन, क्लोरोफॉर्म यांसारखे क्लोरीनयुक्त, घातक द्रावक कारखान्यात नकोत, ही मागणी मला पूर्ण मान्य आहे, आणि ती अशक्यही नाही: 2016 मध्ये हाँगकाँगच्या गटाने ट्रायमिथाइलबेंझीन आणि थोडे फिनाइलनॅफ्थॅलीन हे क्लोरीनविरहित द्रव वापरून 11.7 टक्के गाठले. मात्र त्यासाठी त्यांनी पॉलिमरच्या बाजूच्या साखळ्यांची लांबी बदलली, शिवाय त्या जातीचे पॉलिमर गरम द्रावणात विरघळते आणि निवताना एकत्र येते, हा गुणही हाताळला. ‘मिळेल तो’ द्रावक त्यांनी घेतला नव्हता. रेणू आणि द्रावक एकमेकांसाठी निवडले होते.