पाटे वाढवले म्हणजे गाडीचं पासिंग वाढत नाही

आंब्याच्या हंगामाच्या तोंडावर रत्नागिरी-देवगडकडच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'पिकअपला मागे दोन जादा पाटे टाका, दीड टनाची गाडी अडीच टन बिनधास्त नेते, कायद्याचीही अडचण नाही.' पाटे म्हणजे चाकांवर गाडीचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या. हा मेसेज चुकीचा आहे.

जादा पाट्यांनी मागची बाजू कमी दबते, एवढंच. एक्सल, बेअरिंग, टायर, चासी तेच राहतात. मालासकट एकूण वजन किती चालेल, म्हणजेच गाडीचं पासिंग, ते आरसीवर (नोंदणी पुस्तकावर) लिहिलेलं असतं, गॅरेजात ते बदलत नाही. जादा भाराला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे.

पण दंडापेक्षा ब्रेकचं बघा. बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू किती दबली यावरून तो भार ओळखतो आणि मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. पाटे कडक केले की भरलेली गाडीही त्याला हलकी वाटते, मागचा ब्रेक कमी लागतो. आणि आपल्याला आंबा घाट रोजचा!

होडीचा ट्रेलर ओढणाऱ्यांनो, हुकवर येणारा भारही गाडीच्याच वजनात धरायचा.

मर्यादेतल्या मालानेच गाडी मागून खाली बसत असेल तर पाटे जरूर बदला, सोबत तो व्हॉल्व्ह जुळवून घ्या. खाऱ्या हवेत पाटे एक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्टही गंजतात, तेही तपासा. तो मेसेज मात्र कृपया पुढे पाठवू नका.