सहीआधी ती फाइल एकदा वाचू द्या

मागच्या आठवड्यात नाशिकच्या भांडी बाजारात ताम्हण घ्यायला गेले होते. दुकान तांब्या-पितळेचं, तिसरी पिढी चालवतेय. काका माझ्या वडिलांच्या ओळखीचे. ताम्हण कागदात बांधून झालं तशी त्यांनी गल्ल्याखालून एक फाइल काढली. "तू हेच काम करतेस ना? जरा वाचून सांग. पोरगा बोलायला चांगला होता, म्हणून सही केली."

उभ्याउभ्याच वाचली. डिजिटल मार्केटिंगचा २४ महिन्यांचा करार. दरमहा १२,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला १४,१६०. दोन वर्षांचे ३,३९,८४० रुपये. काका जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या योजनेत आहेत, त्यांना या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. नुसत्या कराचेच ५१,८४० रुपये खिशातून जाणार, हे सही करताना त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. २४ चेक पुढच्या तारखा टाकून आधीच दिलेले. मधेच थांबायचं तर उरलेल्या सगळ्या महिन्यांचे पैसे एकरकमी. वेबसाइट आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कंपनीच्या नावावर.

मग त्यांचं फेसबुक पेज उघडलं. पाच महिन्यांत ३१ पोस्ट. त्यातल्या २२ सणांच्या शुभेच्छा, खाली कोपऱ्यात दुकानाचा लोगो. संकष्टी, एकादशी, महाराष्ट्र दिन, सगळं आहे. दुकानातल्या एका घागरीचा फोटो नाही. ज्या दुकानात हातोड्याचे ठोके दिलेलं घंगाळ मिळतं, त्याच्या पेजवर ते घंगाळच नाही.

सगळ्यात वाईट पुढेच होतं. गूगल मॅपवरचं दुकानाचं लिस्टिंग, म्हणजे नाव, पत्ता, वेळ दिसते ती नोंद. गिऱ्हाइकांनी आपणहून लिहिलेले कितीतरी वर्षांचे रिव्ह्यू त्यावर आहेत. त्या लिस्टिंगचा मालक म्हणून एजन्सीचा जीमेल. काकांना फोनवर कोड आला, त्या पोराने विचारला, यांनी सांगितला. काकांना स्वतःच्या दुकानाची वेळही बदलता येत नव्हती. ते एवढंच म्हणाले, "पण दुकान तर माझं आहे."

हे मी आज लिहितेय, कारण असे करार मी स्वतः विकलेले आहेत.

२०१८ ते २०२० मी एका कंपनीत सेल्सला होते. आम्हाला शिकवलेलं असायचं की दुपारी अडीच ते चार जायचं, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं आणि मालक निवांत असतो. मालकाच्या समोर मोबाइल धरायचा, त्याच्या धंद्याचा प्रकार टाकून शोधायचं आणि दाखवायचं की शेजारचा वर आहे, तुम्ही खाली. माणूस तिथेच हलतो. खरं तर मॅपवरचा क्रम तुम्ही कुठे उभं राहून शोधताय त्यावरही बदलतो. गूगल स्वतः सांगतं की शोधाशी असलेला संबंध, अंतर आणि दुकानाची प्रसिद्धी या तीन गोष्टींवर तो ठरतो आणि पैसे देऊन तिथे वर जाता येत नाही. पहिल्या नंबरची हमी कुणीही देऊ शकत नाही, हेही गूगलनेच लिहून ठेवलंय. आम्ही मात्र तीच हमी विकत होतो.

आणि आमचं कमिशन सहीवर होतं. पूर्ण कराराच्या रकमेवर. १२ महिन्यांपेक्षा २४ महिन्यांची सही आणली की मंथ-एंडला टार्गेट पूर्ण. त्यानंतर त्या दुकानाचं काय होतं याच्याशी सेल्सचा संबंध संपायचा. काम करणारी मुलगी आत एका खोलीत, तिच्याकडे चाळीसेक क्लायंट. ती सणाचं ग्रीटिंग टाकणार नाही तर काय करणार? चाळीस दुकानांत जाऊन फोटो काढायला तिला दिवस कुठून मिळणार? लांब मुदतीच्या कराराचा दोष मला इथेच दिसतो. पैसे यायचे ते चेकच्या तारखेने येतातच, मग दर महिन्याला काम दाखवायची निकड कुणालाच उरत नाही.

जानेवारी २०२० मध्ये मी सिडकोतल्या एका ताईंची सही घेतली. घरगुती डबे द्यायच्या. महिना ७,०००, १२ महिने. मार्चमध्ये लॉकडाउन लागला. डबे घेणारी मुलं गावी गेली, ऑफिसं बंद झाली, चुली थंड. चेक मात्र महिन्याच्या महिन्याला बँकेत लागत राहिले. त्यांनी मला फोन केला, "ताई, दोन महिने थांबवा, मग देते." मी उत्तर दिलं की करारात तसं बसत नाही. हेच वाक्य, याच शब्दांत. मग चेक परत गेला आणि त्यांच्या घरी कलम १३८ ची नोटीस आली. चेक न वटल्याचा फौजदारी मामला असतो तो. दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं त्यात वाचून त्या बाईंनी मंगळसूत्र गहाण ठेवलं आणि पैसे भरले. मी नोकरी सोडली आणि त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं, एवढंच.

माझ्याच क्षेत्रातले लोक आता म्हणतील, एक महिन्यात रिझल्ट कुठून आणायचे? बरोबर आहे. वेबसाइट शोधात वर यायला वेळ लागतोच, गूगलच चार महिने ते वर्ष असा अंदाज देतं. दिवाळीच्या आधी धावत येणारा आणि जानेवारीत फोन न उचलणारा क्लायंट मीही भोगलाय. माझ्याकडे दोन मुलं कामाला आहेत, एक तारखेला त्यांचा पगार द्यायचा असतो. एकदा एकाच महिन्यात दोन मोठी कामं सुटली आणि मी आरडी मोडून पगार केला. लॉक-इन, म्हणजे क्लायंटला मुदतीत बांधून ठेवणं, हवंसं का वाटतं, हे मला नीट कळतं. तरीही माझ्या धंद्याची ही काळजी क्लायंटच्या चेकबुकात बांधून ठेवायचा हक्क मला पोहोचत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मी सुरुवातीला तीन महिने मागते, कारण फोटो, लिस्टिंग, वेबसाइट, पहिली जाहिरात हे उभं करायला तेवढे लागतात. पुढे महिन्याच्या महिन्याला, ३० दिवसांची नोटीस, दोन्ही बाजूंनी. डोमेन मालकाच्या नावावर. लिस्टिंगचा मालक त्याचाच जीमेल, मी फक्त मॅनेजर. जाहिरातीचे पैसे त्याच्या कार्डावरून थेट, म्हणजे किती गेले ते त्याला दिसतं. इंदिरानगरच्या एका दातांच्या डॉक्टरांबरोबर असंच पाचवं वर्ष चाललंय. त्यांना उद्या मला सोडायचं असेल तर दहा मिनिटांत माझा ॲक्सेस काढता येईल, आणि ते कसं करायचं हेही त्यांना मीच शिकवलंय.

सध्या पंचवटीत लॉजवाल्यांकडे फेऱ्या सुरू आहेत, "सिंहस्थापर्यंतचं पॅकेज" म्हणून. २०२७ पर्यंतची सही आत्ताच करा, नाहीतर मागे पडाल. रामकुंडाजवळच्या लॉजला पर्वणीच्या दिवसांत खोल्या भरायला रील लागत नाहीत हो! लागतं ते वेगळंच. फोन नंबर बरोबर हवा, मॅपवरची पिन बरोबर दारावर हवी, रस्ते बंद झाल्यावर गाडी कुठे लावायची आणि तिथून चालत कसं यायचं हे लिहिलेलं हवं. यातलं बहुतेक लिस्टिंगवर फुकट करता येतं, घरातलं कॉलेजचं पोर एका संध्याकाळी करेल. पंचवटीतल्या कुणाला अडलं तर मला विचारा, मी पैसे घेणार नाही.

काकांना मी वकिलांकडे पाठवलं. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिली म्हणून ती जशीच्या तशी वसूल होतेच असं नाही, कोर्ट त्या मर्यादेत वाजवी भरपाई ठरवतं. पण वकिलांशी बोलल्याशिवाय चेक थांबवू नका, हे मी त्यांना दोनदा बजावलं. पेमेंट स्टॉप केलं तरी १३८ लागू शकतं, आणि बरेच दुकानदार रागाच्या भरात नेमकं तेच करतात.

लिस्टिंगचा करारात उल्लेखच नव्हता. म्हणून गुरुवारी वहिनींच्या, म्हणजे काकांच्या सुनेच्या फोनवरून मालकी मागायची विनंती पाठवली. आधीच्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस असतात. समोरून काहीच आलं नाही, तेव्हा व्हिडिओने ओळख पटवायचा पर्याय उघडला. सोमवारी सकाळी दहाला वहिनींनी व्हिडिओ काढला. आधी गल्ली, मग पाटी, मग कुलूप काढून शटर वर करताना काका, मग आतल्या घागरींची रांग. व्हिडिओ संपत आला तसे काका कडेने म्हणाले, "ते घंगाळ घे की त्यात." वहिनी परत मागे वळल्या आणि घंगाळ घेतलं. व्हिडिओ गेलाय, गूगलचं उत्तर अजून यायचंय.