गर्दी नाही, तरी रांग तेवढीच

मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ वर असतो. तेव्हा वॉटर पार्कमध्ये तासभर रांगेत थांबावं लागलं तरी मी चकार शब्द काढत नाही. पण श्रावणातल्या मंगळवारी? पार्किंगमध्ये मोजून ११ गाड्या आणि घसरगुंडीला ४० मिनिटं! का, तर ट्यूब दोनच फुगवलेल्या आणि वरून सोडायला माणूस एकच. लोक कमी म्हणून तुम्ही कामगार कमी केले, ट्यूबही कमी केल्या, मग रांग हलणार कशी? तिकीट मात्र पूर्ण!

दुरुस्ती ऑफ सीझनलाच करायची असते, मान्य. मग करा ना! जिन्याची तिसरी पायरी गेल्या वर्षीही फुटलेलीच होती, पुतणीचा अंगठा तिथंच कापला. यंदा त्या पायरीवर नुसतं पोतं टाकलंय. आणि लाटांचं तळं बंद आहे हे कळलं कधी? कपडे बदलून आत गेल्यावर. खिडकीवर पाटी लावायला काय जातं? आमच्या गड्ड्याच्या जत्रेतला पाळणेवालासुद्धा पाळणा बंद असला तर पैसे घेत नाही.

पोरं ओल्या अंगानं कुडकुडत उभी होती. दरवर्षी हेच!