रद्दी कोरडी ठेवा म्हणे!

आज सकाळी घंटागाडीवाल्यानं माझ्या डोळ्यांदेखत माझ्या रद्दीचे गठ्ठे सडक्या पत्ताकोबीवर भिरकावले. गठ्ठे म्हणजे कसे, तर पेपर वेगळे, वह्या वेगळ्या, दुकानातले खोके फोडून चापट केलेले, पिना उपसलेल्या, सुतळीनं आडवे-उभे आवळलेले. झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे माझं, कागदाची कदर आहे मला. गाडीत मधोमध पत्रा ठोकलेला आहे. एक कप्पा निळा, एक हिरवा, दोन्हींवर काय टाकायचं ते भल्यामोठ्या अक्षरात लिहिलेलं. पोरानं ते वाचलं नाही, मी सांगितलं तेही ऐकलं नाही. गठ्ठा गेला हिरव्यात. त्यावर बाजूच्या घरून आलं रात्रीचं तुरीचं वरण. हळदीचा डाग कागदात शिरत गेला, तो मी उभ्या उभ्या पाहिला. आणि वरून पाऊस सुरू, गाडीवर ताडपत्रीचा पत्ता नाही.

"अबे, काय करून राहिला हे?"

"काका, डेपोत गेल्यावर सगळं एकच होते ना. मले काय बोलता, सायबाले बोला."

सगळं एकच होते! अन् मी रात्री चष्मा लावून पिना उपसत बसतो, तो काय येड लागलं म्हणून?

पाऊण वर्षापूर्वी याच लोकांनी दारोदारी पत्रकं वाटली, 'ओला-सुका वेगळा करा'. कशावर छापली होती, तर चकचकीत, प्लॅस्टिकचा मुलामा दिलेल्या कागदावर. तो कागद कोणताच भंगारवाला घेत नाही. त्यातच दंडाची धमकी. घरपट्टीच्या बिलात स्वच्छतेचे पैसे वेगळे लावलेलेच आहेत. आणि ते गाणं! पहाटेपासून तेच कर्कश गाणं, चौकात गाडी उभी, ड्रायव्हर टपरीवर, गाणं चालूच. नालीत तुंबलेलं पाणी याच लोकांना दिसत नाही, खांबावरचा दिवा बंद आहे तो दिसत नाही, दिसते फक्त माझ्या दुकानाची पाटी फूटभर बाहेर आलेली.

मी भांडलो. पुरतं भांडलो. बनियन आणि टॉवेलवर, भर रस्त्यात, पावसात. समोरच्या वहिनी दूध तापत ठेवून बाहेर आल्या, दूध उतू गेलं तरी आत गेल्या नाहीत. घरात आल्यावर बायको म्हणाली, "झालं का वर्गीकरण?" आता यावर काय बोलावं माणसानं.

पण बोलतोच. कागद ओला झाला, तेलकट झाला, खरकटं लागलं, की संपला. ओल्या गठ्ठ्याला बुरशी धरते, तेल लगद्यातून निघत नाही, गिरणीवाला अख्खा लॉट परत करतो. कोरडा राहिला तर तोच कागद पाच-सात वेळा लगदा होऊन परत येऊ शकतो, प्रत्येक वेळी तंतू थोडे आखूड होतात एवढंच. वहीचा पुठ्ठा होतो, पुठ्ठ्याचा खोका होतो. बल्लारपूरच्या कागद गिरणीचं नाव ऐकत लहानाचे मोठे झालो आपण, बांबूपासून कागद होतो हे इथल्या पोराटोराला ठाऊक. आणि देश मात्र बाहेरून जहाजं भरभरून रद्दी विकत आणतो, कारण आपली आपण वरणात बुडवतो.

कागदी कप हा तर माझा खास राग. २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आली, टपरीवाल्यांनी कागदी कप धरले. लोकांना वाटलं, कागद आहे. अरे, आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो त्याला, म्हणून तर चहा गळत नाही. रद्दीत चालत नाही, मातीतही जिरत नाही. काचेचा ग्लास विसळायला काय हात झिजतात? आणि लग्नपत्रिका! चमकी, मखमल, सोनेरी मुलामा, आत चार पानं पाहुण्यांची नावं. एकही धड रद्दीत जात नाही.

नगरपंचायतीनं गावाबाहेर एक शेड बांधलं आहे. सुका कचरा निवडायला. आत गठ्ठे दाबायचं यंत्र आलं, फोटो निघाले, नारळ फुटला. विजेचं कनेक्शन अजून नाही. शेडमध्ये बकऱ्या बसतात, तेवढाच उपयोग. ठेकेदाराचं बिल म्हणे वजनावर निघते. मग कोरडं हलकं त्याला कशाला पाहिजे, भिजलेला गठ्ठा काट्यावर कसा दणदणीत बसतो! २०१६ च्या घनकचरा नियमातच स्पष्ट लिहिलं होतं, लोकांनी वेगळा करून दिलेला कचरा नगरपालिकांनी वेगळाच न्यायचा, आणि कचरा वेचणाऱ्यांना या कामात सामावून घ्यायचं. आमच्याकडे वेचणाऱ्या बायांना डेपोच्या फाटकातूनच हाकलतात. भिंतीवर मात्र गाडगेबाबांचा फोटो. अमरावती जिल्ह्यातला हा माणूस स्वतः खराटा घेऊन गाव झाडायचा, याला २० डिसेंबरला हार घातला की झालं.

करायचं काय, ते मी मुख्याधिकाऱ्यांना तोंडावर सांगून आलो. आठवड्यातला एक वार फक्त कागद-पुठ्ठ्याचा ठेवा, त्या दिवशी गाडीत दुसरं काही घेऊच नका. पावसाळ्यात गाडीवर ताडपत्री. शाळा, बँक, तहसील, आणि तुमचं स्वतःचं कार्यालय, इथला कागद तर तेल न लागलेला, तो आधी उचला. वजन करा, विका, आणि पैसा त्या वेचणाऱ्या बायांना द्या. साहेब म्हणाले, "चांगली सूचना आहे, लेखी द्या." लेखी दिली. अर्जावर आवक नंबर पडला, कारकुनानं तो घेतला आणि खिडकीतल्या ढिगावर टाकला. खिडकीला काच नाही, ढीग अर्धा भिजलेला.

यापुढं माझी रद्दी सायकलवाल्या भंगारवाल्याला. तो काटा मारतो, सगळ्या गावाला माहीत आहे, मारू दे. पाऊस आला की तो आधी कॅरेजवरच्या गठ्ठ्यांवर पन्नी टाकतो, मग स्वतःच्या डोक्यावर पोतं घेतो.