‘आजारी मासा गळ्यात मारला’ या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार दादा,

आमच्या राजारामपुरीतल्या दुकानाला तुम्ही एक स्टार दिलाय आणि लिहिलंय की, ‘2,800 रुपये घेऊन आजारी पिकासो ट्रिगर मासा गळ्यात मारला, पहिल्याच रात्री आडवा पडून घरघरायला लागला, सकाळी मेला. वर माझे दोन क्लीनर श्रिंप (टाकीतल्या बारक्या कोळंब्या) खाल्ले. दुकानदार फोन उचलत नाही.’ मासा गेला याचं मलाही वाईट वाटलं. माफी मागतो. फोनबद्दलही माफी. रात्री पावणेबाराला मी झोपलो होतो, सकाळी सहाला मीच उलटा फोन लावला तर तुम्ही कट केलात. असू दे.

पण ‘आजारी’ म्हणालात ते लागलं.

तो मासा माझ्याकडं 18 दिवस होता. मुंबईहून ट्रॅव्हल्सनं थर्माकोलच्या पेटीत माल येतो, पहाटे तावडे हॉटेलच्या स्टॉपला गाडी घेऊन मी स्वतः उभा असतो, पोराला पाठवत नाही. टाकीचं पाणी त्याला सोसावं म्हणून पिशवीत थेंब थेंब पाणी सोडत दीड तास बसलो होतो. त्या 18 दिवसांत एकदाही तो उपाशी राहिला नाही. तुमच्यासमोर त्यानं माझ्या चिमट्यातला कोळंबीचा तुकडा हिसकावून घेतला. एक डोळा तुमच्याकडं, एक माझ्याकडं फिरवत होता, आणि तुम्हीच हसून म्हणालात, ‘हा तर हिशोब बघतोय.’ आजारी मासा असा असतोय होय?

दादा, ट्रिगर आडवाच झोपतो. रात्री लाईट बंद झाली की दगडाच्या फटीत शिरतो आणि पाठीवरचा पहिला काटा उभा करतो. मागचा बारका काटा त्याला खुंटीसारखा अडकवतो. तो मागचा दाबल्याशिवाय पुढचा खाली बसत नाही, बंदुकीच्या घोड्यासारखं. म्हणून तर ह्याचं नाव ट्रिगर. समुद्रात मोठा मासा मागं लागला की हा असाच फटीत अडकून बसतो, ओढला तरी निघत नाही. तुम्ही टाकलेल्या त्या रात्रीच्या व्हिडिओत नेमकं हेच दिसतंय. तुम्ही जाळीनं ओढताय, दगड हलतोय, मासा जागचा हलत नाही, जाळी काट्यात गुंतली आहे. आणि ज्याला तुम्ही घरघर म्हणताय तो काय शेवटचा श्वास नव्हता. ट्रिगर पकडला, पाण्याबाहेर काढला की असाच गुरगुरतो. पुढं रात्रभर तुम्ही त्याला बादलीत ठेवलात, हवेच्या पंपाशिवाय. दुकानात मी त्याला जाळी लावली नव्हती, प्लॅस्टिकच्या बरणीत घेतला होता. तुम्ही शेजारीच उभे होतात.

श्रिंप आमच्याकडचे नाहीत, पण तेही सांगतो. खेकड्याचं कवच फोडणारे दात आहेत त्याचे, त्याच्यापुढं श्रिंप सोडणं म्हणजे ताट वाढणंच. ‘कोळंबी, गोगलगाय काही ठेवू नका’ हे मी दोनदा बोललो होतो. टाकी चार फुटी सांगितलीत, व्हिडिओत मला अडीच फुटीच दिसली. हा मासा वाढून वीतभर होतो. पण तो विषय आज नको.

आता माझी चूक. आडवा झोपतो हे मी सांगायला पाहिजे होतं. रविवार होता, मागं गोल्डफिशवाली पोरं आईबापांसकट उभी होती, राहून गेलं. ते मी कुणावर ढकलत नाही.

एवढं लांबड का लावली, तर कोल्हापुरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारी माणसं बोटावर मोजण्याएवढी, आणि सगळी एकमेकांच्या ओळखीची. तुमचा रिव्ह्यू सगळ्यात वर दिसतोय. परवापासून दोघांनी फोन करून विचारलं, ‘तुमच्या टाक्यांत रोग आलाय काय?’ 2019 च्या महापुरात लाईट नव्हती, नळाला पाणी नव्हतं, तेव्हा बॅटरीच्या पंपावर मी हे मासे जगवलेत, रात्री दुकानातच अंथरूण टाकून. त्या दुकानाला रोग म्हणायचं म्हणजे…

इथून पुढं ट्रिगर घेणाऱ्याला माहितीचा कागद द्यायचा विचार आहे, छापून घेतो. पैशाचं काय ते बसून ठरवू, पूर्ण परत करणं मला परवडत नाही, पण तुम्हाला तोट्यात ठेवणार नाही. दुसरा एक पिकासो अजून दुकानात आहे. साडेनऊला शटर ओढतो, त्याआधी दहा मिनिटं मोठी लाईट बंद करतो. त्या वेळी या. डाव्या टाकीत, खालच्या दगडात आडवा पडलेला दिसेल. फक्त काचेवर टिचकी मारू नका.