ड्रम पालथा घाला, निरोगी राहा

मराठवाड्यात राहून डेंग्यू टाळायचा असेल तर सगळ्यात आधी एक करा: पाणी साठवू नका. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं ही सबब सांगू नका, सबबी सांगणाऱ्याला डास आधी चावतो. आमचं शहर कोणतं ते लिहीत नाही. आठवड्याने पाणी येतं एवढं म्हटलं तरी आठही जिल्ह्यांतली माणसं ‘हे तर आमचंच लिहिलंय’ म्हणत मजकूर पुढे ढकलतील.

हा सल्ला मी मनाने देत नाही, त्यामागे शंभरावर वर्षांचं संशोधन उभं आहे. रोनाल्ड रॉसने 1897 साली डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला तो सिकंदराबादेत, म्हणजे आपण ज्या निजामी मुलखात होतो त्याच मुलखात. पुढे 1906 साली ऑस्ट्रेलियात बॅन्क्रॉफ्टने डेंग्यूचा ठपका एडिस डासावर ठेवला. आता त्या डासाची सगळी कुंडली तयार आहे. मादी साठवलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेला अंडी घालते, दिवसा चावते, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करा, घासा, वाळवा. याला कोरडा दिवस म्हणतात. आपल्याकडे कोरडे दिवस आठवड्यात सहा-सात असतात, त्यातला एखादा सोयीने निवडा.

कागद-पेन्सिल घ्या. सोमवारी पहाटे पाणी सुटलं. तीनला उठून, मोटर लावून, शेजारच्या मोटरीशी ओढाताण करून हौद, दोन निळे ड्रम, घागरी, कळशा, पातेली, कुकरसुद्धा भरून घेतला. रविवारी कोरडा दिवस. ड्रम ओतला. पुढचं पाणी बुधवारी, तेही वॉलमनच्या मनात आलं तर आणि पाइप फुटला नाही तर. मधले दिवस? मधले दिवस आरोग्य शिक्षणाचे. बरं, नुसतं ओतूनही भागत नाही. अंडी ड्रमच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी लागलं की जिवंत होतात. म्हणून ब्रशने खसाखसा घासून धुवायचं. कशाने धुवायचं ते पत्रकात छापलेलं नाही.

हे सगळं आत्ताच सुचायला कारण घडलं. पुतण्याला डेंग्यू निघाला, पत्ता कुठून तरी वर गेला आणि घरी पथक आलं. एप्रन घातलेली एक मुलगी, हातात टॉर्च आणि रजिस्टर. सोबत एक दादा. पाणी आदल्याच दिवशी आलं होतं. एका ड्रमच्या तळाला जुनं थोडं होतं, त्यावरच नवं भरलेलं. मुलीने आत टॉर्च मारली. उजेडाच्या गोलात चार-पाच अळ्या शेपट्या झटकत खाली गेल्या. “दूषित,” ती म्हणाली आणि रजिस्टरात एक रेघ ओढली. दादाने ड्रमच्या कडेला हात घातला. आई म्हणाली, “आरं बाबा, गाळून घेते की. धोतराच्या फडक्यानं गाळून घेते.” “मावशी, वरून आदेश हाय.” ड्रम आडवा झाला. पाणी ओट्यावरून अंगणात, अंगणातून रस्त्यावर गेलं आणि रस्त्यातल्या खड्ड्यात जाऊन थांबलं. त्या खड्ड्याला कोणी दूषित म्हटलं नाही, कारण खड्डा कुणा नळधारकाच्या नावावर नाही. दारावर खडूने तारीख लिहिली आणि पथक शेजारी गेलं.

त्या मुलीवर राग नाही. कंत्राटावरची पोर, उन्हात घरं मोजत हिंडणारी. बायकोने तिला विचारलं, तुमच्याकडं कधी येतं गं पाणी? “बाराव्या दिवशी, काकू.” घरी जाऊन तीही ड्रमच भरत असणार. राग आहे तो त्या रेघेचा. शंभर घरांमागे दूषित घरं किती हा एक आकडा, शंभर घरांमागे दूषित भांडी किती हा दुसरा. या दुसऱ्याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात. आकडा खाली आला की साथ आटोक्यात. आणि आकडा खाली आणायचा तर ड्रम ओतण्यासारखा स्वस्त उपाय नाही, पाइपलाइन टाकावी लागत नाही. 2014 साली जगभरचे असे अभ्यास एकत्र ठेवून पाहिले गेले, तेव्हा या निर्देशांकांवरून साथीचा भरवशाचा अंदाज बांधता येतो याला भक्कम पुरावा निघाला नाही. रजिस्टर मात्र निघालं आणि आमच्या ओट्यापर्यंत आलं.

असो. आपण सल्ले देत होतो.

धुराची गाडी आली की दारं-खिडक्या घट्ट लावून घ्या. एडिस डास पलंगाखाली आणि टांगलेल्या कपड्यांमागे बसतो, त्यामुळे तो आत, धूर बाहेर, कुणाचीच गैरसोय नाही.

पपईची पानं आणा. शेजाऱ्याच्या झाडाची, न विचारता तोडलेली, जास्त लागू पडतात.

अंग ठणकत असेल तर मेडिकलवर जाऊन “जोरातली गोळी द्या” म्हणा. डेंग्यूत पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ द्यावेत, ॲस्पिरिन-आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो, या गोष्टी पुस्तकातल्या आहेत. मेडिकलवाल्याला दुकान चालवायचं आहे.

प्लेटलेटचा आकडा सकाळ-संध्याकाळ सगळ्या नातेवाइकांना कळवा. नव्वद हजार झाल्या की परभणीची आत्या रडायला लागेल, साठ हजारांवर पुण्याचा मेहुणा पिशवी शोधायला लागेल. रक्तस्राव नसताना नुसता आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवून फायदा होत नाही, उलट त्रास वाढतो, असं सिंगापूर-मलेशियातल्या रुग्णांवरच्या चाचणीत दिसलं, 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापूनही आलं. मेहुण्याला सांगू नका, त्याने पिशवी मिळवलेली असते. आणि ताप उतरला की लगेच डिस्चार्जचा हट्ट धरा. ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच खरे धोक्याचे असतात, पोट दुखणं, उलट्या थांबेनाशा होणं, हिरड्यांतून रक्त, पोरगं सुस्त पडणं ही तेव्हाची लक्षणं, असं सांगणारा डॉक्टर बिल वाढवतोय असं समजा.

झटपट तपासणीच्या कार्डावर डेंग्यू निघाला म्हणून हुरळून जाऊ नका. सरकारदरबारी प्रयोगशाळेत रक्ताची एलायझा तपासणी झाल्याशिवाय डेंग्यू होत नाही, तोवर तुम्ही संशयित. पुतण्याचा ताप उतरला, शाळा सुरू झाली, तो अजून संशयित आहे. कागदावर गाव निरोगी कसं राहतं, ते कळलं असेल.

आणि संशोधनाला सहकार्य करा. तुमच्या गल्लीत प्रश्नावली घेऊन विद्यार्थी येतील, त्यांना प्रबंध करायचा असतो. डेंग्यू कशाने होतो? डासाने. डास कुठे वाढतो? साचलेल्या पाण्यात. भांडी दर आठवड्याला रिकामी करता का? इथे तुम्ही गप्प. झालं: ज्ञान समाधानकारक, आचरण असमाधानकारक, शिफारस जनजागृतीची. आमच्या आईला डासाचं चरित्र पाठ आहे, तिला आणखी किती जागं करणार? पाण्यासाठी ती तशीही पहाटे तीनपासून जागीच असते. त्या चार पानी प्रश्नावलीत शिक्षण होतं, उत्पन्न होतं, घर पक्कं की कच्चं होतं, टीव्ही आहे का तेही होतं. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हा प्रश्न नव्हता.

का नव्हता? शास्त्राला माहीत नाही म्हणून? व्हिएतनामच्या खान्ह-होआ प्रांतातल्या साथींचा अभ्यास 2011 साली छापला गेला, त्यात नळाच्या पाण्याचा तुटवडा आणि डेंग्यूचा धोका यांचा संबंध मांडून दाखवला आहे. जागतिक आरोग्य संघटनाही डास आवरायचा तर घरोघरी भरवशाचं पाणी पोहोचवा म्हणून सांगत आली आहे. इंडोनेशियात योग्यकर्ताला डेंग्यूचा विषाणू वाढू न देणारा वोल्बाकिया जिवाणू पोटात असलेले डास सोडले आणि डेंग्यू 77 टक्क्यांनी घटला. आपल्या पुद्दुचेरीच्या डास-संशोधन केंद्रानेही तसे डास तयार केले आहेत. डेंग्यूवरच्या देशी लशीची मोठी चाचणी 2024 च्या ऑगस्टात रोहतकला सुरू झाली. येईल ते येऊ द्या, आनंद आहे. पण नळाचं पाणी शोधून काढायचं राहिलेलं नाही ना? त्याला कुठली चाचणी हवी आहे?

2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावं लागलं. तेव्हाच्या धसक्याने घेतलेल्या टाक्या कोणी भंगारात दिल्या? कोण देईल? माणूस पाणी साठवतो ते अडाणी आहे म्हणून नाही, तुमच्यावर विश्वास नाही म्हणून साठवतो. पाणी दिवसाआड द्या, तिसऱ्या दिवशी द्या, पण ठरल्या वेळी द्या. ड्रमची अडगळ कुणालाच नको आहे. ते जमत नसेल तर निदान ड्रमांना घट्ट झाकणं वाटा, जाळ्या वाटा, अळीनाशक वेळेवर टाका, गप्पी मासे सोडा. यातलं काही न करता म्हातारीने रात्र जागून भरलेलं पाणी रस्त्यावर ओतायचं आणि वर तिलाच ‘आचरण असमाधानकारक’ म्हणायचं? लाज वाटू द्या थोडी. आणि आपणही काही कमी नाही. दर निवडणुकीला टँकर पाठवणाऱ्याला ‘कामाचा माणूस’ म्हणतो आणि पाइपलाइनचं काय झालं हे विचारायला कोणी वॉर्डसभेला जात नाही. पाणीपुरवठ्यावर बोलायचं तर बोलतो कुठे, चहाच्या टपरीवर.

पथक पुन्हा येणार आहे, दारावरची तारीख बघायला. यायला हरकत नाही, बसा, चहा घ्या. पण रजिस्टरात एक रकाना वाढवून आणा: शेवटचं पाणी कधी आलं, पुढचं कधी येणार. तो आधी भरा, खाली तुमच्या साहेबांची सही आणा. तोवर आमच्या ड्रमला हात लावू देणार नाही.