फोटोत मामांचा हात येत नाही

प्रश्न पाचशे रुपयांचा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण कालपासून तीन माणसांनी मला "अरे, पाचशेसाठी एवढं?" असं विचारलंय आणि चौथ्याला मी चावेन.

काल रात्री जेवण झाल्यावर स्कूटरच्या विम्याचं बघत बसलो होतो. कुठून अवदसा आठवली आणि चलान बघू म्हटलं. गाडीचा नंबर टाकला, चेसिसचे शेवटचे चार आकडे टाकले, आणि आली की ओवाळणी. झेब्रा क्रॉसिंगवर वाहन उभे करणे, रुपये ५००. सोबत पुराव्याचा फोटो. फोटोत माझी पाठ, माझं हेल्मेट, माझी लाल स्कूटर, हुकाला अडकवलेली पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी शेपूची जुडी. मला शेपू आवडतही नाही.

आता त्या फोटोत काय नाही ते ऐका.

झेब्रा क्रॉसिंग नाही. खरंच नाही. झूम करून करून बोटं दुखली. माझ्या पुढच्या चाकाखाली डांबर आहे, थोडी खडी आहे, गुटख्याची एक पुडी आहे. पांढरा पट्टा म्हणावा असं काही असेल तर डाव्या कोपऱ्यात वीतभर लांबीचा एक फिकट डाग, तोही कबुतराचा असू शकतो. हा रस्ता आधी ड्रेनेजसाठी उकरला, मग केबलसाठी उकरला, मग उकरलेलं बुजवायला म्हणून उकरला. पट्टे त्यातल्या पहिल्याच उकरणीत वर गेले. तेव्हापासून कुठे थांबायचं हे आम्ही सगळे अंदाजाने ठरवतो, भाजीत मीठ घालतात तसं.

आणि फोटोत ट्रॅफिकवाल्या मामांचा हात नाही. ही खरी गोष्ट. त्या दिवशी मी व्यवस्थित मागे थांबलो होतो. माझ्या मागे बस होती, तिला डावीकडे वळायचं होतं आणि तिचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बहुतेक झोपी गेला होता. समोर चौकात उभ्या असलेल्या मामांनी स्वतः, स्वतःच्या हाताने, "घ्या पुढे, घ्या पुढे" केलं. मी घेतली. चार फूट घेतली. बस गेली. आणि त्याच वेळी दुसऱ्या कोपऱ्यावर, झाडाआड उभ्या असलेल्या दुसऱ्या मामांनी माझा फोटो काढला. एकाने बोलवायचं आणि दुसऱ्याने टिपायचं, ही तर शिकारीची पद्धत झाली. खासगी मोबाइलवर असे फोटो काढू नका म्हणून मागे वरून आदेश निघाले होते. हा कुठल्या मोबाइलवर काढला ते त्या झाडालाच माहीत.

बरं, माझा नंबर इतका लख्ख का आला फोटोत? कारण मी शहाण्यासारखी नवी नंबरप्लेट बसवून घेतली. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी, त्यामुळे सक्ती. ५३१ रुपये भरले, तारीख घेतली, अर्धा दिवस उन्हात उभा राहिलो. मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत होती तरी मी पहिल्या मुदतीतच बसवली, आणि वर सोसायटीत सगळ्यांना ऐकवलंही. म्हणजे स्वतःच्या खिशातून ५३१ रुपये घालून मी स्वतःला नीट वाचता येईल असा करून घेतला. आणि माझ्या शेजारी, त्याच फोटोत, अर्धी दिसणारी ती काळी बाइक बघा. ती माझ्याही पुढे आहे. तिच्या प्लेटवर ४१४१ असं काही वळणदार लिहिलंय की ते 'दादा' वाचावं. तसंच वाचलं जातं. मशीनला दादा कळत नाही, मामांना चांगलाच कळतो, आणि दादाला चलान जात नाही.

माझा राग जरा इकडेतिकडे जातोय, पण जाऊ दे त्याला. चौकातला सिग्नल भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सने अर्धा झाकलेला असतो, त्याची पावती कुणी फाडली? संध्याकाळी फुटपाथवरून बाइक घालणारे, वर आपल्यालाच "ओ काका, सरका" म्हणणारे, त्यांचा फोटो कुठल्या झाडाआडून निघतो? उलट्या बाजूने येणारा पाण्याचा टँकर? न रंगवलेला गतिरोधक, ज्याने माझ्या आईच्या कमरेची वाट लावली? पी-वन पी-टूच्या पाट्या, ज्यांच्यावरचा आकडा उडालाय आणि त्यामुळे सम तारखेला इकडे की तिकडे हे ज्योतिषाला विचारावं लागतं? आणि रिक्षावाले! रिक्षावाल्यांचा इथे संबंध नाही, पण "तिकडे नाही जात" हे वाक्य मी एका दिवसात पाच वेळा ऐकलंय, त्यामुळे तेही यादीत.

असो. तर लढायचं ठरवलं. रात्री साडेअकराला.

लढायचं कारणही आहे, नुसती खाज नाही. डिसेंबर २०२१ मध्ये राज्यात दंड वाढले. जिथे २०० भरून सुटायचो तिथे पहिल्यांदा ५००, आणि तोच गुन्हा पुन्हा केला तर १५००. म्हणजे आज हे मुकाट भरलं की मी रीतसर गुन्हेगार झालो, आणि पुढच्या वेळी मामांनी "घ्या पुढे" केलं की तिप्पट. त्या चौकातून मी रोज जातो हो. रोज दोनदा.

मग रस्ते शोधले. एक, ॲपवरच तक्रार टाकायची. माझा मित्र म्हणतो, टाक, पण तुझं म्हणणं वाचणाराही तोच फोटो बघणार. दोन, लोकअदालत, वर्षातून चार वेळा भरते ती. तिथे काहीजणांना सूट मिळाली असं ऐकून आहे, पण सूट ही चुकीवर असते, मी चुकलोच नाही तर सूट कशाची घेऊ? तीन, व्हर्च्युअल कोर्ट. आपल्याकडचं हे कोर्ट ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूरजवळ काटोलला सुरू झालं. संत्र्यांपलीकडे काटोलशी माझा आजवर काही संबंध आला नव्हता. तिथे दोनच पर्याय असतात, गुन्हा मान्य करून भरा, नाहीतर लढतो म्हणा. लढतो म्हटलं की प्रकरण उठून आपल्या इथल्या खऱ्याखुऱ्या कोर्टात येतं. म्हणजे रजा, म्हणजे साहेबांना कारण सांगणं. "शेपू आणायला गेलो होतो तेव्हा" इथून सुरुवात करावी लागेल.

तेवढ्यात मला हुकमाचा एक्का सापडला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १६७-अ. कॅमेऱ्याने गुन्हा टिपला की पंधरा दिवसांत नोटीस पाठवली पाहिजे. आणि मला तर नोटीस आलीच नव्हती! घटना होऊन महिना होत आला होता! मी अंथरुणात ताडकन उठून बसलो. झाडाआडचा मामा कॅमेऱ्यात मोजतात की नाही हा तपशील मी त्या क्षणी बाजूला सारला. बायकोला उठवलं. कायद्याचं कलम वाचून दाखवलं. तिने डोळे न उघडता हात पुढे केला, माझा फोन घेतला, मेसेज उघडले आणि वर सरकवत गेली. पूर्वमंजूर कर्ज. रमी खेळा. पूर्वमंजूर कर्ज. केवायसी अपडेट करा. आणि मग, घटनेनंतर सहाव्या दिवशी, तेच चलान. न वाचलेलं.

"झोपू का मी?" एवढंच म्हणाली.

त्यातच आणखी एक वाईट झालं. त्या ॲपमध्ये खाली सरकलो तर एक जुनं चलानही निघालं. दोन वर्षांपूर्वीचं, विनाहेल्मेट. कोपऱ्यावर दूध आणायला गेलो होतो, कोपऱ्यापर्यंत कोण हेल्मेट घालतं? (याच पुण्यात मी हेल्मेटसक्तीविरुद्धच्या कागदावर सही केली होती, तेव्हा केस होते म्हणून असेल.) वाईट हे की त्या फोटोत मागून, भर उन्हात, माझं टक्कल दिसतंय. वाटीएवढं. मला माहीतच नव्हतं. घरात कुणी बोललं नाही, न्हावी बोलला नाही, सरकारने कळवलं, आणि त्याचे पाचशे लावले. त्या फोटोबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. पट्टा नसला तरी टक्कल स्पष्ट आहे. ते भरून टाकले रात्रीच, पुन्हा तो फोटो बघायला लागू नये म्हणून.

उरलं शेपूचं प्रकरण. सकाळी तक्रारीचा मसुदा लिहिला, दोन पानी, 'सदर' हा शब्द नऊ वेळा. खालच्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेत, त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "भाषा चांगली आहे. भरून टाक." मी म्हटलं, पुरावा जोडतो ना काका. पट्टा नाही याचा फोटो. जागेवर जाऊन काढतो, चारी बाजूंनी.

गेलो आज दुपारी. पट्टे मारलेले. पांढरे, जाड, नवे कोरे, रंगाचा वास येतोय. झेब्रा आणि त्याच्या मागे थांबायची रेघ, सगळं पुस्तकात असतं तसं.

लाल लागला. मी त्या रेघेच्या दोन हात मागे स्कूटर उभी केली आणि फोन काढला. मागून हॉर्न. मी हललो नाही. आणखी हॉर्न. "ओ काका, एवढी जागा आहे पुढे, घ्या की!" समोर चौकात मामा होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात वर केला.